तोंडचं माझं, पाठीचं तुझं

बाबा, दिवाळी संपली की टीव्हीवर सगळं नवीन येतंय. चार मालिका बंद, पाच चालू, शिवाय एक गाण्याची स्पर्धा, जिच्यात गाण्यापेक्षा रडणं जास्त असणार हे जाहिरातीतच कळतंय. गेला आठवडाभर मी सगळ्या जाहिराती बघून घेतल्या. तू असतास तर मांडी घालून बसला असतास आणि म्हणाला असतास, "बोल, काय काय हाय यंदा?" तर ऐक. ऐक कसलं, बघ. सवय जात नाही.

साडेसातला एक सून कलेक्टर होणार आहे, पण सासूचा सकाळचा चहा तीच टाकणार. जिल्हा सांभाळायचा तो नथीसकट. आठ वाजता गावाकडची मालिका, त्या गावात चिखल नाही, शेण नाही, बैलसुद्धा शाम्पूने धुतलेला. नायिका बांधावर भाकरी घेऊन येते आणि त्या भाकरीवर तव्याचा एक डाग नाही. तू ती भाकरी बघून टीव्ही बंद केला असतास. नऊला दोन बहिणी एकाच माणसाच्या प्रेमात, आणि तो माणूस असा की दोघींनी मिळून त्याला सोडून द्यावा. साडेनऊला देवीची, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही, देवाचं आहे. माझा अंदाज विचारशील तर कलेक्टरीण दुसऱ्याच महिन्यात जिना घसरून पडणार आणि तिची स्मृती जाणार. गावची मालिका पावसाळ्याच्या आत लीप घेणार, म्हणजे एकदम सात वर्षं पुढे उडी, म्हणजे नायिकेच्या केसांत एक पांढरी बट आणि कडेवर मूल. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत. घरातले मला चिडवतात की तू भिवंडीत बसून मुंबईतल्या लेखकांना गोष्टी पुरवतेस.

एक खोड मात्र यंदा नवीनच निघालीय. नायक कुठलाही बघ, वकील असो, शेतकरी असो, दाढी आहेच. मिशी तर ओठांवर आलेली. पहिली जाहिरात बघितली आणि माझ्या मनात आलं, झाले बाबाचे हाल. मग आठवलं की तुला जाऊन चौदा वर्षं झाली.

माझ्या घरी हे कुणाला समजावून सांगायला गेलं की वेळ लागतो. चोवीस वर्षं तू नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यात लूमवर काढलीस. तुझे कान लूमने कधी घेतले ते तुलाही कळलं नाही, कारण कारखान्यात कान लागतच नव्हते. तिथे सगळेच ओठ वाचायचे. चार लूमच्या पलीकडे उभा असलेला चाचा नुसते ओठ हलवून विचारायचा, "कल क्या हुआ सीरियल में?" आणि तू तुटलेल्या सुताच्या तारेला गाठ मारता मारता आवाज न काढता त्याला सगळी गोष्ट हिंदीत सांगायचास. डबा घेऊन आले की मी दारातून हे बघत उभी राहायची. टीव्हीवरही तू तसाच वाचायचास. नटांची पारख तुझ्याकडे एकच होती, ओठ स्वच्छ हलतात की नाही. मोठमोठ्या नटांना तू "तोंडातल्या तोंडात बोलतो, कामाचा न्हाय" म्हणून निकालात काढलंस. दुसऱ्या भाषेतून आणलेल्या मालिका लागल्या की वैतागायचास, "यांची तोंडं खोटी हाईत."

दोन ठिकाणी मात्र तुझं अडायचं. माणसाने पाठ फिरवली की, आणि माणूस मनातल्या मनात बोलायला लागला की. बाई नुसती डोळे वटारून उभी, आवाज मागून येतोय, तुला वाटायचं ही गप्प राहून एवढी कशाला तापलीय. मी चौथीत असताना आपला करार झाला. "तोंडचं माझं, पाठीचं तुझं," तू म्हणालास. मनातलंही माझ्याच वाट्याला आलं. आपल्या खोलीमागे भिंतीला भिंत लागून कारखाना, टीव्हीखाली तू गोधडीची घडी ठेवली होतीस, नाहीतर तो धक्क्याने सरकत सरकत फळीच्या टोकाला यायचा. मी टीव्हीच्या कडेला कान लावून बसायची आणि कुणी पाठ फिरवली की तुझ्याकडे वळून ओठांनी सांगायची. शुक्रवारी लूम बंद असायचे तेव्हा तेवढी मेहनत नसायची. शुक्रवारी शेजारणीने फोडणी दिली तरी आपल्याला ऐकू यायची. म्हणजे मला.

आई गेल्यावर, मी नववीत होते, तो तासभर म्हणजे आपलं घर होतं. तू कारखान्यातून यायचास, अंगावरचा कापूस झटकायचास, भाकरी खायला बसायचास आणि साडेआठला आपली मालिका लागायची. सोमवार ते शुक्रवार. बायकांच्या मालिका बघतोस म्हणून चाळीतले लोक तुला हसायचे, तू म्हणायचास, पोरीला सोबत म्हणून बसतो. पोर कंटाळून जांभया देत असायची आणि हा बाबा पुढे सरकून सरकून पडद्याला नाक लावायचा. तुला ती मालिका का आवडायची ते मला तेव्हा कळत नव्हतं. एक बाप, एक लेक. लेक मनाविरुद्ध घर सोडून शहरात नोकरीला जाते, बाप दार लावून घेतो. एवढीच गोष्ट, ती त्यांनी दोन वर्षं चालवली.

ती परत येतेय, बाबा. खरं तर हेच सांगायला बसले आणि कलेक्टरणीत रमले. साडेआठच्या वेळेला, तीच मालिका, दुसरा सीझन. पहिल्या सोमवारी जुना शेवटचा भाग जसाच्या तसा दाखवणार आणि मंगळवारपासून पुढची गोष्ट. जाहिरातीत तेच दार, तीच पायरी, आणि पायरीवर उभ्या पोरीची पाठ. नुसतं संगीत वाजतं, तिचं वाक्य त्यांनी राखून ठेवलंय. खाली अक्षरं येतात, "ती काय म्हणाली होती, आठवतं?" दिवसातून वीस वेळा ही जाहिरात लागते. मी वीस वेळा उठून स्वयंपाकघरात जाते.

तेव्हा मी बावीसची होते. कशेळीच्या एका गोडाऊनात बिलं बनवायचं काम चालून आलं होतं आणि तू नाही म्हणालास. "रस्त्यावर ट्रेलर, आत शंभर परकी मानसं. तू न्हाय जायची." मी भांडले, तू ऐकलं नाहीस, म्हणजे बघितलं नाहीस. तू डोळे मिटून घेतलेस. ओठ वाचणाऱ्या माणसाने डोळे मिटले की समोरच्याने काय करायचं? मग मीही माझं हत्यार काढलं. आपल्या घरात अबोला धरायला गप्प बसावं लागत नव्हतं, पाठ फिरवली की झालं. आठ दिवस मी चुलीकडे तोंड करून, भाकऱ्या थापत, तुला नाही नाही ते बोलले. अडाणी म्हणाले, आईच्या वेळेलाही असाच हट्ट केलास म्हणाले. तू मागे बसून माझे खांदे हलताना बघत होतास. एकदा विचारलंस, "बोलतेस का रडतेस?" मी ताट पुढे सरकवलं आणि पुन्हा वळले. आठ दिवसांत मी तुला जेव म्हटलं नाही. ताट सरकवायची, तेवढंच.

त्या आठवड्यात आपली मालिका संपली. तू आंघोळ करून, भांग पाडून बसला होतास, कुणाच्या लग्नाला आल्यासारखा. मीही बसले, करार मोडला नव्हता. शेवटच्या प्रसंगात लेक परत येते. दार उघडतं, आत म्हातारा बाप उभा, बाहेर पायरीवर ती. कॅमेरा तिच्या मागे. ती काहीतरी म्हणते, लहानसं वाक्य, आणि म्हातारा रडायला लागतो. एवढं दाखवून नावं वर सरकायला लागली. तू माझ्याकडे वळलास. तुझे डोळे इतके मोठे झाले होते.

"काय बोलली? पाठ होती."

आता मला नीट ऐकू आलं नव्हतं, बाबा. मागे लूमचा खडखडाट, त्यात ती पुटपुटल्यासारखी बोललेली. मी जे सुचलं ते ठोकून दिलं. तुझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "ती म्हणाली, मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

"येवढंच?"

"एवढंच."

तू पडद्याकडे बघितलंस. तिथे साबणाची जाहिरात लागली होती. म्हातारा रडला ते तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतंस आणि ते रडणं माझ्या वाक्याला चपखल बसत होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. तू उठलास. ताट वाढलेलं होतं, सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या दोन भाकऱ्या. "भूक न्हाय," म्हणालास आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलास. मी भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जायच्या आधी तू माझ्या खांद्याला हात लावून मला वळवलंस. "जा तू कशेळीला," म्हणालास. "पन टायमावर घरी ये. आनि माझ्यावर राग धरू नको." मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, तेव्हा नुसता आनंदच झाला, उड्या मारायच्या बाकी होत्या. एका वाक्यात काम फत्ते! डबा द्यायला आले तर तू चार लूमच्या पलीकडे चाचाला सांगत होतास, "लडकी ने माफ नहीं किया." चाचाने लूम थांबवला. त्याचीही एक लेक गावी होती, तिच्याशी तो बोलत नव्हता, हे तूच मला नंतर सांगितलंस, आणि हेही की त्याने त्या दिवशी तिला फोन लावला. तेव्हासुद्धा मी मनात म्हणाले, बघा, माझं खोटं किती उपयोगाचं.

पुढचं सगळं त्या वाक्यावर उभं आहे. बिलांवरून मी स्टॉकवर गेले, स्टॉकवरून सुपरवायझर झाले, तिथेच मला नवरा भेटला, तुला तो आवडला कारण तो मिशी ठेवत नाही. आज माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत आणि कुठलीही पोरगी आली कामाला की मी तिच्या बापाशी स्वतः फोनवर बोलते. माझं भलं झालं. तुझं काय झालं ते मी बघत होते आणि बघत नव्हते. तुझं ओठ वाचणं बदललं. आधी तू मी काय बोलतेय ते वाचायचास, नंतर मी रागावलेय का ते वाचायला लागलास. साधं मीठ कमी म्हटलं तरी तुझा चेहरा पडायचा. नवीन मालिका लागल्या, त्यातही कुणी पाठ फिरवली की तू माझ्याकडे वळायचास, पण आता जरा भीतभीत. कधी एकदम म्हणायचास, "ती पोरगी जाम कडक होती गं." मी म्हणायची, "कुठली?" कुठली ते मला चांगलं ठाऊक असायचं.

शेवटच्या आजारात तुला छातीच्या वॉर्डात ठेवलं होतं. आम्हाला तोंड बांधल्याशिवाय आत सोडत नसत. आठ दिवस मी तुझ्यासमोर येऊन बसायची आणि तुला माझा एक शब्द कळायचा नाही. तू माझ्या डोळ्यांकडे बघून हसायचास. एका दुपारी मी ठरवून आले. फडक्याच्या आडून सगळं सांगितलं, बाबा, ती तसं म्हणाली नव्हती, मला नीट ऐकू आलं नव्हतं, लूमचा आवाज होता, मी रागात होते. एका दमात सांगितलं. सांगताना मला माहीत होतं की तुला काही कळत नाहीये. म्हणून तर जमलं. तू हात हलवलास, "काय बोलतेस? दिसत न्हाय." नर्स दाराशी होती, तिची आपल्याकडे पाठ होती. फडकं हनुवटीखाली ओढायला किती वेळ लागतो? मी मान हलवली, काही नाही म्हणून. मग तू विचारलंस, "तू तरी केलंस ना मला माफ?" मी मान डोलावली. तुला बरं वाटलं. तू उशीवर मान टाकलीस, आणि मी तुझी चादर सारखी करत बसले, जसं काही फार मोठं पुण्य करून बसलेय. ज्याने काही केलं नव्हतं त्याला मी माफ केलं.

तुझी नात आता सोळाची आहे. तिला ही गोष्ट पाठ आहे, माझीच चूक, मीच सांगितली. आजोबांनी मालिकेतलं एक वाक्य ऐकलं आणि आईला नोकरीला पाठवलं. शाळेत निबंधात लिहून तिने बक्षीस आणलं. परवा ती जाहिरात लागली तेव्हा किंचाळलीच, "आई, हीच ना ती? सोमवारी मी तो डायलॉग रेकॉर्ड करणारे. 'मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही!' स्टेटसला टाकणार, खाली आजोबांचा फोटो." तुझा तो फोटो, भांग पाडलेला. मी म्हटलं, इतकी जुनी मालिका, काय बघायचंय त्यात. ती म्हणाली, "तूच तर म्हणतेस की त्यात आपलं घर आहे." मी म्हणत असेन. रिचार्ज मुद्दाम संपू द्यावं असंही मनात येऊन गेलं. पण हल्ली मोबाईलवर सगळं दिसतं, कुणाकुणाचे डोळे झाकणार. तेव्हा येत्या सीझनबद्दल माझं मत विचारशील तर कलेक्टरीण पडो की उठो, मला एकच भाग बघायचा नाहीये आणि तोच चुकवता येणार नाही. सोमवारी साडेआठला ती माझ्या शेजारी बसणार, पायरीवरची पोरगी बोलणार, आणि माझी लेक माझ्याकडे वळून विचारणार. तिला कानांनी चांगलं ऐकू येतं. तिला मी काय सांगू?

हे पत्र टाकायला पेटी नाही. तुझी गोधडी अजून आहे, नवा टीव्ही भिंतीवर लटकतो त्यामुळे तिला काम नाही, कपाटात घडी करून पडलीय. तिच्या घडीत ठेवेन.

पण ठेवायच्या आधी एक. वर मी लिहिलंय की लूमच्या खडखडाटात मला ऐकू आलं नव्हतं. वॉर्डातही तेच म्हणाले, इतकी वर्षं स्वतःलाही तेच सांगत आले. मालिका सोमवार ते शुक्रवार असायची, बाबा, आणि शेवटचा भाग शुक्रवारी होता. तू दिवसभर घरी होतास. लूम बंद होते. शेजारणीची फोडणीसुद्धा ऐकू येत होती. ती पायरीवरून म्हणाली, "बाबा, जेवलात का?" मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, आणि मी ते तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आधी माझ्याकडे आणि मग तुझ्या ताटाकडे बघितलं असतंस.